बेंजो पार्टीने भरलेला स्लॅब

एकतीस वर्षं मी भिवंडी आणि आसपासच्या गावांत लोकांच्या डोक्यावर छप्पर घालायचं काम केलं. ते छप्पर लोकांच्या डोक्यात पडायची वेळ एकदाच आली, आणि तेव्हा बेंजो वाजत होता.

मी साइट सुपरवायझर. म्हणजे नक्की कोण, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. इंजिनिअर कागदावर घर काढतो, गवंडी ते बांधतो, आणि या दोघांच्या मध्ये उन्हात उभा राहून दोघांची बोलणी खातो तो सुपरवायझर. सळ्या मोजायच्या, सिमेंटच्या गोण्या भिजू द्यायच्या नाहीत, भिंतीला ओळंबा लावून बघायचा, आणि मालकाची गाडी वळताना दिसली की कुणावर तरी ओरडायला सुरुवात करायची. या शेवटच्या कामाला डिप्लोमा लागत नाही, पण नोकरी त्याच्यावरच टिकते.

माझे मालक बाळाराम शेठ. भिवंडीजवळच्या शेलार गावचेच. वडिलोपार्जित भातशेती होती, ती एकेक करत गोडाऊनखाली गेली आणि शेठ बिल्डर झाले. शेठ मनाने चांगले, फक्त त्यांना शेवटी जो भेटेल त्याचं पटायचं. सकाळी मला भेटले तर दुपारपर्यंत माझं पटायचं. त्यामुळे मी दुपारीही भेटायचो.

शेलारमध्ये त्यांच्या घराला लागूनच तळमजला आणि वर तीन मजले अशी बिल्डिंग चालली होती. पहिला स्लॅब झाला होता. दुसऱ्या स्लॅबची सेंटरिंग लागली होती. सेंटरिंग म्हणजे काय, तर ओलं काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला झोपायला केलेली खाट. खाली शेकडो टेकू, वर फळ्या आणि प्लेटा, त्यावर सळ्यांची जाळी. त्या जाळीवर काँक्रीट ओतायचं, आठवडे थांबायचं, मग खालची खाट काढून घ्यायची. वरचा झोपलेला तसाच अधांतरी राहिला तर सुपरवायझर हुशार. खाली आला तर सुपरवायझर पण खालीच.

आमची खाट तयार होती, गादी घालायला दोन दिवस राहिले होते, आणि लॉकडाऊन लागला.

जब्बार मुकादमाची तीस माणसं साइटवर राहायची. बंगालमधल्या मालद्याकडची. पहिले काही दिवस त्यांनी कॅरम खेळून काढले, मग काळजी लागली. एके दिवशी ती सगळी मिळेल त्या वाहनाने आणि नाही मिळालं तिथे पायी निघून गेली. मी तेव्हा वज्रेश्वरीजवळ माझ्या गावी अडकलेलो. जब्बारचा फोन आला, “साब, लड़के निकल गए.” मी विचारलं, कोण कोण गेले? तो नावं सांगायला लागला आणि मला एकही ओळखू येईना. मला फक्त लाल शर्टवाला, लंगडा आणि कढीवाला माहीत होते. तीन वर्षं माझ्या हाताखाली काम केलेली माणसं.

पावसाळा सरत आल्यावर परवानगी मिळाली आणि मी बाइक काढून शेलारला गेलो. जाताना मनात एकच धास्ती, उघड्यावर पडलेल्या सळ्या गंजून त्यांचं काय झालं असेल. जिना चढून वर गेलो आणि सळ्या दिसल्याच नाहीत. सगळा स्लॅब हिरवागार. या टोकापासून त्या टोकापर्यंत भोपळ्याचे वेल, मध्येमध्ये शिराळी, आणि सळ्यांच्या जाळीवर ऐटीत बसलेले भोपळे. एक तर असा होता की दोन सळ्यांच्या मध्ये वाढून चौकोनी झाला होता.

“हात लावू नको रे,” मागून आवाज आला.

शेठची आई, हिराआई. वय सत्तरच्या पुढे, काष्टा कसलेला, हातात कोयता. आमची साइट तिच्या परसाला लागून. लॉकडाऊनमध्ये भाजी मिळेना, तेव्हा तिने खाली बिया लावल्या आणि वेल आमच्या टेकूंवरून वर चढवले.

“आई, हा स्लॅब आहे,” मी म्हटलं.

“आसल. मना मांडव वाटला. एवरा चांगला मांडव कोन बांधून सोरून जातो?”

“आता काम चालू करायचंय. वेल काढावे लागतील.”

“फुलं हायत अजून. आठ दिस थांब.”

बांधकामात सिमेंट आलं नाही म्हणून, रेती बंद झाली म्हणून, पालिकेचा साहेब रजेवर आहे म्हणून कामं थांबलेली मी पाहिली आहेत. भोपळ्याला फुलं आहेत म्हणून थांबलेलं हे पहिलं काम.

त्या आठ दिवसांत खरं संकट उभं राहिलं. त्याचं नाव दीपक.

दीपक गोडाऊनचा एजंट. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, हातात लेझरचं मोजमाप यंत्र. भिंतीवर लाल ठिपका पाडायचा आणि आकडा सांगायचा. त्या वर्षी अख्खा देश घरात बसून मोबाइलवरून सामान मागवत होता, आणि ते सामान ठेवायला भिवंडीत जागा पुरत नव्हती. दुसरीकडे फ्लॅटची चौकशी करायला कुत्रं येत नव्हतं. आमच्याकडे नाव नोंदवलेल्या दोघांनी तर आपली नावं परत मागितली होती. म्हणजे भिवंडीत माणसांना घर नको होतं आणि खोक्यांना हवं होतं.

दीपक शेठना सकाळी भेटला. मी नेमका वीटभट्टीवर गेलो होतो.

“जाधव,” शेठ मला संध्याकाळी म्हणाले, “दसऱ्यापर्यंत स्लॅब पडला तर बिल्डिंग. न्हाय पडला तर तोडू, पत्रा मारू नि गोडाऊन करू. दीपक म्हनतो, खोकी कधी लिफ्ट बंद म्हनून भांडत न्हाईत.”

घरातून हिराआईचा आवाज आला. “आनि सांजचा माझ्याशी बोलतात का खोकी? ह्या बाजूला गोडाऊन, त्या बाजूला गोडाऊन, दिवसभर टरकांची पीपी. मना शेजारीन पायजे!”

शेठनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “दसरा,” ते हळूच म्हणाले.

माझं वय छप्पन्न. गोडाऊन झालं तर सुपरवायझर लागत नाही, लोखंडी सांगाडे तयार येतात. मी जब्बारला फोन लावला. तो म्हणाला, “साब, आएंगे, ज़रूर आएंगे. पर दिवाली के बाद.” भिवंडीच्या नाक्यावर, जिथे रोज सकाळी शंभर मजूर उभे असायचे, तिथे दोन जण उभे होते. त्यातला एक रिक्षाची वाट बघत होता.

आता काशिनाथ मास्तर. अंजूरकडे एका ओळखीच्या सेंटरिंगवाल्याला शोधायला गेलो, तो भेटला नाही, पण रस्त्याच्या कडेला एक माणूस मास्क विकत होता. साधे मास्क नव्हेत. जांभळे, सोनेरी, टिकल्या लावलेले, उन्हात लखलखणारे. मी विचारलं, हे कुठून आणले?

“पार्टीचे डरेस फाडले,” तो म्हणाला. “बेंजो पार्टी हाय आमची. हलदी बंद, लग्नं बंद, मिरवनुका बंद. मग म्हटलं, डरेस तरी कामाला येउंदेत.”

आमच्या भागात हळदीला बेंजो पार्टी नसेल तर हळद लागली असं कुणी धरत नाही. हा मास्कवाला म्हणजेच काशिनाथ मास्तर, ते स्वतः बेंजो वाजवायचे. सोबत ढोलकी, ताशा, पॅड, खुळखुळा आणि भोंगे उचलणारे मिळून चौदा जण. सगळे धट्टेकट्टे, सगळे घरी बसलेले. मी मास्तरांकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यात जे आलं ते सांगायला आजही जरा लाज वाटते.

“मास्तर, घमेलं उचलाल का?”

“वाजवायचं का उचलायचं?”

“उचलायचं.”

मास्तरांनी विचार केला. “उचलून बघू,” ते म्हणाले.

असे चौदा बेंजोवाले आणि बंद पडलेल्या पॉवरलूमवरचे दहा कामगार, अशी माझी फौज उभी राहिली. भोपळे उतरवले, वेल काढले, प्रत्येक सळी तारेच्या ब्रशने घासली. कुजलेल्या फळ्या बदलल्या. नकाशावर सही करणारे इंजिनिअर येऊन एकेक टेकू हलवून बघून गेले, हो म्हणाले, आणि जाताना एक भोपळा घेऊन गेले. फौजेला आठवडाभर दुपारी भोपळ्याचीच भाजी. ढोलकीवाला म्हणाला, “साहेब, स्लॅब लवकर भरा, आता पोटात पन वेल आलाय.”

कामं वाटून देताना मी प्रत्येकाचा गुण बघितला. ओल्या काँक्रीटमध्ये हवेचे बुडबुडे राहिले तर स्लॅब आतून पोकळ होतो. म्हणून त्यात एक थरथरणारी नळी खुपसतात, तिला आम्ही व्हायब्रेटर म्हणतो. ती नळी धरणाऱ्याला हात सतत हलता ठेवावा लागतो. मी ती खुळखुळेवाल्याला दिली. माझ्या कारकिर्दीतला हा सर्वांत योग्य नेमणुकीचा निर्णय, असं मी अजूनही समजतो.

दसऱ्याच्या तीन दिवस आधी, सकाळी नारळ फोडून सुरुवात केली. खाली मिक्सर फिरत होता, त्याला जोडलेल्या लिफ्टने माल वर जात होता. शेठ तापमान बघायची बंदूक घेऊन आले आणि त्यांनी सगळ्यांच्या कपाळाला लावली. मग मिक्सरच्या कपाळाला लावली. “गरम हाय,” ते म्हणाले आणि सावलीत जाऊन बसले. पहिल्यांदाच काम करणाऱ्या माणसांच्या मानाने काम बरं चाललं होतं. अर्धा स्लॅब भरला.

दुपारचं जेवण उरकून पुन्हा सुरू केलं आणि पंधराव्या मिनिटाला लिफ्टची दोरी चाकात गुंतली. बादली मधेच लटकली. ना वर, ना खाली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. स्लॅब सुरू केला की मन मानेल तिथे थांबता येत नाही. काँक्रीट दीड-दोन तासांत आवळायला लागतं. जुन्या-नव्याचा सांधा नीट बसत नाही, आणि तिथूनच पुढे पावसाचं पाणी गळतं, सळी गंजते. आमचं काम तर अगदी पोटात, जिथे कधीच थांबायचं नसतं, तिथे अडकलं होतं. लिफ्टचा मेकॅनिक कल्याणहून निघाला होता. तो ‘निघालो’ म्हणाला म्हणजे तो अंघोळीला गेला, हे एकतीस वर्षांत मला कळलं होतं.

“जिन्याने चढवा!” मी ओरडलो. मिक्सरपासून जिन्याने वरपर्यंत माणसांची साखळी लावली. घमेलं या हातातून त्या हातात. दहा मिनिटांत जिन्यावर इतकं काँक्रीट सांडलं की जिनाच परत भरल्यासारखा झाला. एकाने द्यायच्या वेळी दुसरा घाम पुसत होता, तिसऱ्याच्या पायावर घमेलं पडलं, चौथा त्याला हसत होता. वरचा माल आवळायला लागलेला मला डोळ्यांनी दिसत होता.

मास्तर साखळीतून बाहेर आले. “साहेब, ह्ये तालात न्हाय.”

“मास्तर, ही वेळ आहे का!”

“तालात आसतं तर सांडलं नसतं. मना बसूंद्या.”

मी नको म्हणायच्या आत त्यांनी पार्टीच्या टेम्पोतून बेंजो आणि भोंगा आणला, वरच्या जिन्याच्या तोंडाशी बैठक मारली, ढोलकीवाल्याला शेजारी घेतलं आणि सुरू केलं. आणि काय सांगू! एका ठेक्याला एक घमेलं. धिन्‌ला घ्यायचं, ताक्‌ला द्यायचं. लूमवाल्यांना तर ताल नवा नव्हताच, ते जन्मभर खटक-खटकवर जगलेले. एक थेंब सांडेना. माल असा धावत वर यायला लागला की थापीवाले थोपटायला पुरेनात. सावलीतून शेठ उठून आले. रस्त्यावर माणसं जमली. खुळखुळेवाला व्हायब्रेटर असा चालवत होता की पाहणाऱ्याला वाटावं, नवरदेव आत्ताच मांडवात आलाय.

मी कृतार्थ होऊन, सेंटरिंग बघायला खाली गेलो. हाही नियम आहे. वर माल पडत असताना खाली एक माणूस टेकूंवर नजर ठेवून हवा.

खाली गेलो आणि बघतो तर काय. टेकू नाचत होते.

एखाददुसरा नव्हे. ओळच्या ओळ. वरून धप, धप, धप आवाज येत होता आणि प्रत्येक धपला टेकू एक गिरकी घेऊन परत जागेवर बसत होता. कोपऱ्यातल्या एका टेकूखालची लाकडी पाचर सुटून माझ्यासमोर जमिनीवर पडली. मला लगेच उमगलं. पार्टीने ठेका वाढवला होता, आणि आमच्या भागातल्या कुठल्याही माणसाला तो ठेका ऐकून पाय जमिनीवर ठेवता येत नाही. वर स्लॅबवर माझी दहा माणसं, हातात घमेली घेऊन, ओल्या काँक्रीटच्या कडेला हळदीचा नाच नाचत होती.

मी पाचर परत ठोकली आणि जिन्याने वर धावलो. ओरडलो. कोण ऐकतो! मास्तर डोळे मिटून वाजवत होते. कडेला दीपक उभा होता, तो रस्त्यावरून जाता जाता आवाज ऐकून वर आलेला. त्याच्याही चकचकीत बुटाचं एक टोक हलत होतं. मी भोंग्याची वायर शोधली आणि खेचून काढली.

एकदम शांतता. सगळे आहे तिथे थिजले. कुणाचं घमेलं डोक्यावर, कुणाचं हवेत.

“कोणी नाचायचं नाही!” मी ओरडलो. “खाली टेकू निसटतायत! पाय न आपटता काम करा!”

त्यांनी प्रयत्न केला. प्रामाणिकपणे केला. पण तालाशिवाय पुन्हा तेच, हा देतोय तर तो घेत नाही. दोन घमेली जिन्यावर.

“मास्तर, हळू वाजवा. एकदम हळू.”

मास्तर कावरेबावरे झाले. “साहेब, आमाला हळू येत न्हाय. हलदीला हळू वाजवलं तर लोक उठून जातात.”

“भजनाचा ठेका?”

“त्यो पन आमी जोरातच वाजवतो.”

मी घड्याळ बघितलं. कोपऱ्यातलं काँक्रीट बोटाने दाबलं, ते आवळत चाललं होतं. खरं सांगतो, त्या क्षणी मला पत्र्याचं गोडाऊन डोळ्यांसमोर दिसलं, वर कंपनीच्या नावाचा फलकसुद्धा दिसला.

आणि जिन्याच्या खालून गाणं आलं.

हिराआई गात होती. आमच्याकडे आगरी लग्नात पूर्वी धवले गायचे. लग्न लावणारी बाई, धवलारीण, एकेक विधी होताना संथ सुरात गात राहायची, तासन्‌तास. हिराआई तरुणपणी पंचक्रोशीत धवलारीण म्हणून जायची. मग बेंजो आला आणि तिला कुणी बोलवेना. मास्तरांशी ती गेले आठ दिवस एक शब्द बोलली नव्हती, भाजी वाढायची तीही दुसरीकडे बघत. आता ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती आणि आपल्या मनाने शब्द जुळवत होती. खडी आली गो मांडवी, रेती आली गो मांडवी, पानी आलं गो मांडवी. एकेक ओळ इतकी लांब की तेवढ्यात घमेलं घ्यावं, दम खावा आणि मग पुढे द्यावं.

साखळी हलली. हळूहळू, न सांडता. कुणाचा पाय उचलला गेला नाही, कारण धवल्यावर कुणाला नाचता येत नाही.

मास्तरांनी थोडा वेळ ऐकलं. मग भोंगा न लावता, बेंजोची एकच तार धरून तिच्या मागे मागे वाजवायला लागले. मध्येच घाई केली तर ती गाता गाता त्यांच्याकडे नुसतं बघायची, की ते परत मागे.

असे साडेतीन तास. मेकॅनिक आला तेव्हा शेवटचा कोपरा भरत होता. तो म्हणाला, “मग मला कशाला बोलावलंत?” उन्हं उतरायच्या आत शेवटचं घमेलं पडलं. हिराआईचा आवाज पार बसला होता. मास्तरांनी स्वतः तिला पाणी नेऊन दिलं. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण मास्तर परत आले ते कान पकडूनच.

मी आनंदाच्या भरात बायकोला फोन लावला. “स्लॅब पडला!” आमच्या धंद्यात ‘पडला’ म्हणजे भरून झाला. हे बायकोला लग्नानंतर पंचवीस वर्षांत सांगायचं राहून गेलं होतं. तासाभरात माझे दोन मेहुणे आणि एक रुग्णवाहिका शेलारला हजर.

पुढे स्लॅबवर छोटे बांध घालून पाणी साठवलं. काँक्रीटला घट्ट व्हायला ऊन नको, पाणी लागतं. हिराआईने खालच्या आवाजात विचारून पाहिलं की एवढं पाणी साठलंच आहे तर कडेने थोडा भात लावला तर चालेल का. मी हात जोडले.

मी मास्तरांना म्हटलं, आता कायमचे माझ्याकडे या, तुम्हाला मुकादम करतो. दिवाळीनंतर तुळशीची लग्नं लागायला लागली होती, पन्नास माणसांत का होईना हळदी सुरू झाल्या होत्या. मास्तर म्हणाले, “साहेब, राग मानू नका. आमचा धंदा लोकांना नाचवायचा. तुमच्या धंद्यात कोन नाचला की तुमी वायर काढता.” ते गेले. थोड्याच दिवसांत जब्बार आला, तीसपैकी अठरा माणसं घेऊन. मी पहिल्या दिवशी वही घेऊन बसलो आणि प्रत्येकाला नाव विचारून लिहून घेतलं. लाल शर्टवाल्याचं नाव मोइनुल. कढीवाला आला नव्हता. त्याचं नाव जब्बारकडून घेतलं आणि तेही लिहिलं.

दसरा आम्ही गाठला होता, पण शेठना मधल्या काळात दीपक पुन्हा सकाळीच भेटला होता. “जाधव, स्लॅब पडला ह्ये खरं,” शेठ म्हणाले, “पर घेनार कोन? एकबी बुकिंग न्हाय. दीपक म्हनतो, पहिला मजला असाच मोकळा देऊ, खोकी ठेवायला. आतल्या भिंती घालायच्याच न्हाईत.” आणि नेमकं खालची खाट काढायच्या दिवशी त्यांनी त्याला मापं घ्यायला बोलावलं.

टेकू काढायचीही रीत असते. मधून सुरुवात करून कडेला जायचं, घाई करायची नाही. जब्बारची माणसं एकेक टेकू सोडवत होती आणि मी वर बघत उभा होतो. शेवटची ओळ निघाली. प्लेटा खाली आल्या. स्लॅब जागेवर. जब्बारने काठीने ठोकून सगळीकडून आवाज ऐकला. एका खांबाजवळ तेवढी हातभर जागा खडबडीत निघाली. खुळखुळेवाला तिथे दीपकच्या बुटाकडे बघत राहिला होता, असं त्याने मागाहून कबूल केलं. बाकी छत तळहातासारखं. “किसने भरा, साब?” जब्बारने विचारलं. मी सांगितलं. तो काठी खाली ठेवत म्हणाला, “बीमारी में आपकी तबियत तो ठीक थी ना?”

दीपक यंत्र घेऊन आत आला. लाल ठिपका या भिंतीवरून त्या भिंतीवर. लांबी सांगितली, रुंदी सांगितली, उंची सांगितली, शेठ माना डोलवत होते. मग तो खिडकीच्या मोकळ्या चौकटीपाशी जाऊन थांबला. समोर परस, त्यापलीकडे गोडाऊनचे पत्रे, त्यावर संध्याकाळचं ऊन.

“वारा येतो इथं,” तो म्हणाला.

“नैऋत्येचा,” मी म्हटलं. “तुम्ही कुठे राहता?”

“गोडाऊनमध्येच. ऑफिसच्या मागे खोली आहे, खिडकी नाही. लग्न ठरलंय, पण मुलीकडचे म्हणतात आधी घर दाखवा.” त्याने चौकटीवरून हात फिरवला. “दिवसभर दुसऱ्याच्या सामानाला जागा शोधतो. आपल्याला शोधायला वेळच झाला नाही.” मग एकदम, यंत्र खिशात घालून, “इथं खाट कुठं येईल, साहेब?”

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “ह्या भिंतीला लावून. खिडकी पायाशी.”

दीपक भिंतीपाशी गेला, रुमाल अंथरला आणि त्या इस्त्रीच्या शर्टासकट सिमेंटच्या धुळीत सरळ आडवा झाला. हात पोटावर घेऊन वर छताकडे बघत राहिला. जब्बारची माणसं थांबली. शेठ एकदा त्याच्याकडे बघत होते, एकदा माझ्याकडे, आणि त्यांना आम्हा दोघांचंही एकाच वेळी पटतंय हे पहिल्यांदाच स्पष्ट दिसत होतं.

“शेठ,” दीपक पडल्या पडल्या म्हणाला, “हा मजला खोक्यांना देऊ नका. कुणी विचारलं तर गेलाय म्हणून सांगा.”

हिराआई जिना चढून दारात येऊन उभी होती. तिने त्याला आपादमस्तक न्याहाळलं, आणि नजर पायांवर येऊन थांबली.

“झोप बाबा, खुशाल झोप,” ती म्हणाली. “पन आधी बूट बाहेर काढ. घर हाय ह्ये.”